उजनीवर डायव्हिंग सुपरवायझर म्हणून काम करायचंय? आधी पाण्याची ओढ शिका

सोलापूर जिल्ह्यात पाण्याखालचं काम म्हटलं की बहुतेक वेळा उजनी: धरणाचे दरवाजे, जॅकवेलच्या (पंपासाठी पाणी घेणाऱ्या विहिरीच्या) जाळ्या, नाहीतर भीमेवरच्या पुलांचे पाये. हातात कसब असलेला डायव्हर लगेच चांगला सुपरवायझर होतो असं नाही. डायव्हर खाली असेपर्यंत पॅनेल (वरून त्याची हवा आणि खोली सांभाळायची जागा) सोडायचं नाही आणि स्वतः उतरायचं नाही.

सगळ्यात मोठा धोका पाण्याच्या ओढीचा. दरवाज्याच्या एका बाजूला पाणी आणि दुसरी बाजू रिकामी असेल, तर दर 10 मीटरला चौरस सेंटीमीटरमागे साधारण 1 किलो दाब येतो. म्हणजे 12 मीटरवर 30 बाय 30 सेंटीमीटरच्या भोकावर हजार किलोंहून जास्त जोर. फाटक्या रबर सीलपाशी अगदी जवळ जाईपर्यंत डायव्हरला काही जाणवत नाही. एकदा पाय अडकला की वरून चार माणसांनी ओढूनही सुटत नाही, उलट माणूसच जखमी होतो. दोन्हीकडची पातळी सारखी केली तरच सुटका. ती कुठल्या व्हॉल्व्हने आणि किती वेळात होईल, हे डाइव्हच्या आधीच विचारून ठेवा.

जॅकवेलवर पंप बंद असल्याचं फोनवर ऐकून डायव्हर सोडू नका. पंपाच्या विजेच्या पॅनेलला स्वतः कुलूप लावा, चावी खिशात ठेवा. गफलत होते ती ऑपरेटरची पाळी बदलताना. नव्या माणसाला खाली कोणी आहे हे माहीतच नसतं. कुलूप लावल्यावर दोरीला वजन आणि चिंधी बांधून पाणी आत घेणाऱ्या तोंडासमोरून सोडा. चिंधी आत खेचली गेली तर डाइव्ह रद्द. चिंधी स्थिर राहिली तरी अंबिलिकल (डायव्हरला वरून हवा देणारी नळी) अशा मापाला बांधून ठेवा, की चालू असलेल्या दुसऱ्या तोंडापर्यंत डायव्हर पोचूच नये.

नवखे हमखास विसरतात ती उंची. उजनीचं पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे 490 मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे डीकंप्रेशनचं टेबल (किती खोलीवर किती वेळ थांबायचं आणि वर कसं यायचं ते सांगणारा तक्ता) जसंच्या तसं चालत नाही. 18 मीटरची डाइव्ह हिशोबात 19 च्या वर जाते, म्हणून 21 मीटरची ओळ धरा. मुंबईहून आलेल्या डायव्हरला पोचल्यावर 12 तास थांबवा, नाहीतर त्याच्या अंगात आधीचा नायट्रोजन आहे असं धरून टेबल लावा. धरण मायनसमध्ये (मृतसाठ्याच्या पातळीखाली) गेलं की खोलीही बदलते. कालचा आकडा आज वापरू नका, रोज न्यूमोवर (डायव्हरची खोली दाखवणाऱ्या नळी-गेजवर) मोजा.

माणसं किमान पाच: सुपरवायझर, डायव्हर, स्टँडबाय (गरज पडली तर मदतीला उतरणारा डायव्हर) आणि दोघांचे टेंडर (वरून त्यांची नळी सांभाळणारे). ठेकेदार एक टेंडर कमी करायला बघतो. तिथे ऐकू नका. एप्रिल-मेच्या उन्हात स्टँडबाय सूट घालून बसलेला असतो, त्याला सावली आणि पाणी द्या, नाहीतर गरज पडेल तेव्हा तोच चक्कर येऊन पडेल. कॉम्प्रेसरचं हवा घेणारं तोंड डिझेलच्या धुरापासून लांब ठेवा आणि वारा फिरला की पुन्हा बघा.

हे शिकायला अनुभवी सुपरवायझरच्या शेजारी पॅनेलवर बसा आणि ते तास लॉगबुकात त्याच दिवशी सहीनिशी लिहून घ्या. साइट संपल्यावर सह्या गोळा करणं फार जड जातं.