कुठलं पुस्तक कागदावर, कुठलं पडद्यावर

ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या घरात शिरलं आणि कपाटाचे खालचे दोन कप्पे बुडाले. पानांमध्ये टीपकागद घालून, पंख्याखाली उभी करून काही पुस्तकं वाचवली. दिवाळी अंकांची गुळगुळीत पानं मात्र चिकटली ती सुटलीच नाहीत. बडोद्यात हवं ते मराठी पुस्तक लगेच मिळत नाही, पुण्याहून मागवावं लागतं. म्हणून आता पुस्तक घेण्याआधीच मी ठरवते, कागदावर घ्यायचं की ई-रीडरवर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावर.

कविता आणि ओव्या कागदावरच घ्या. पडद्यावर अक्षर मोठं केलं की ओळ भलत्याच ठिकाणी मोडते आणि चाल तुटते. माझी ज्ञानेश्वरी आईची आहे, तिच्या पेन्सिलीच्या खुणांसकट. ती आता सगळ्यात वरच्या कप्प्यात असते.

जाड कादंबऱ्या रीडरवर. सहाशे पानांचं पुस्तक आडवं पडून धरलं की मनगट भरून येतं. लहान रीडर दोनशे ग्रॅमच्या आसपास असतो. त्याचा ई-इंकचा पडदा मोबाइलसारखा स्वतः उजळत नाही, खिडकीच्या उजेडात कागदासारखा वाचता येतो. दिवाळी अंक मात्र त्यावर घेऊ नका. रंग जातात आणि तीन रकान्यांत वर-खाली करता करता लेख हातचा सुटतो.

ई-पुस्तक विकत घेण्याआधी नमुन्याची पानं उतरवून घ्या आणि त्यात ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ असे शब्द शोधा. जुन्या फाँटमधून घाईने बदललेल्या मजकुरात हा अर्धा र बहुतेक वेळा मोडतो. तो मोडला असेल तर आतही जोडाक्षरांची दैना असते. तिथे पैसे घालू नका, मी दोनदा घातले आहेत.

राज्य मराठी विकास संस्थेने जुनी दुर्मीळ पुस्तकं इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवली आहेत. अशी स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो, त्यात नुसतं अक्षर मोठं होत नाही. सहा इंची रीडर आडवा करा, म्हणजे ओळ पूर्ण रुंदीला बसते आणि अर्धं अर्धं पान वाचता येतं. दहा इंची टॅब्लेट असेल तर उत्तमच.

आणि बडोद्यातल्या मांडवीची सेंट्रल लायब्ररी विसरू नका. सयाजीरावांनी १९१० साली ग्रंथालयतज्ज्ञ बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावून बडोदा संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणलं. या लायब्ररीच्या पुस्तकघरात मजल्यांची जमीन काचेची आहे, खालपर्यंत उजेड पोचावा म्हणून. सयाजीरावांच्या काळी लाकडी पेट्यांत भरून पुस्तकं गावोगाव जात.

माझा जुना रीडर मी पादरा गावातल्या आत्याला दिलाय. अक्षर मोठं केलंय, वायफाय बंद, आत बारा कादंबऱ्या. वाचून झाल्या की ती एसटीने येते, जेवते, आणि मी पुढच्या बारा भरून देते.