राहत्या घरात कन्सिल्ड लाइट बसवताय? भोक पाडायच्या आधी या चुका टाळा

पीओपी करून वर्ष झालं, रंगही झाला, आणि आता वाटतंय हॉलमध्ये चार गोल कन्सिल्ड लाइट, म्हणजे सीलिंगच्या आत बसणारे, हवेत. दिवाळी जवळ आली की असे फोन मला खूप येतात. मी पुण्यात वायरिंगची कामं करतो, बहुतेक जुन्या सोसायट्यांमधली. काम होतं, चांगलं होतं, पण सीलिंगला पाडलेलं भोक परत लहान करता येत नाही, म्हणून भोक सगळ्यात शेवटी.

फॉल्स सीलिंगच नसेल तर स्लॅब फोडून लाइट आत बसवायचा हट्ट अजिबात करू नका, आत सळया असतात. तिथे सरफेस लाइट लावा, तोही छान दिसतो.

सीलिंग असेल तर आधी वर जागा किती आहे ते बघा. स्लिम पॅनलला कमी जागा चालते पण खोल सीओबी लाइटला (एकाच जागी दाटून बसवलेल्या एलईडींचा) 3-4 इंच लागतात आणि वरून ड्रायव्हरही, म्हणजे एलईडीला लागेल तसा करंट देणारी छोटी डबी, बसायचा असतो. मग कटआउट, म्हणजे सीलिंगला पाडायच्या भोकाचं माप. लाइटची बाहेरची कड आणि कटआउट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कटआउट खोक्यावर मिलिमीटरमध्ये छापलेला असतो आणि कंपनी बदलली की तोही बदलतो. एका घरी आधीच्या माणसाने लाइट सीलिंगला टेकवून कडेने पेन्सिल फिरवली आणि एक भोक तेवढं कापलं, लाइटच्या बाजूच्या स्प्रिंगला धरायला काहीच उरलं नाही. शेवटी मॅचिंगसाठी चारही लाइट मोठ्या साइजचे घ्यावे लागले, म्हणजे तीन चांगली भोकं परत कापली.

जिप्सम बोर्ड असेल तर कापायच्या आधी साधा लोहचुंबक फिरवून बघा, स्क्रूवर चिकटला की तिथून बोर्ड धरणारा लोखंडी चॅनल जातोय, दोन-तीन इंच सरका. जुन्या पीओपीत जाळी असते, तिथे होल सॉ (गोल भोक पाडायची करवत) जोरात दाबला तर जाळी अडकून कडेची खपली निघते, हळूच चालवा. आणि पंख्याच्या पात्याच्या वर लाइट येऊ देऊ नका, पंखा चालू झाला की सगळ्या खोलीत उजेड लपलपतो, मग लोक म्हणतात लाइट खराब निघाला.

आता खरा मुद्दा, जो खालून कधीच दिसत नाही, तो म्हणजे जॉइंट. मागच्या उन्हाळ्यात एका किचनमधला लाइट रात्री मधेच फडफडायचा. लाइट खाली ओढला तर टेप वायरवरून घसरून खाली आली होती, गोंद वितळून काळा चिकट झालेला, आणि उघडी तांब्याची तार त्या लोखंडी चॅनलपासून बोटभर लांब. वर कोंडलेली गरमी असते, त्यात ड्रायव्हरची भर, नुसती टेप तिथे टिकत नाही हो. कनेक्टर वापरा, जॉइंट छोट्या पीव्हीसी बॉक्समध्ये घ्या आणि ड्रायव्हर मोकळा ठेवा, त्यावर कापूस थर्माकोल काही नको. वायर एफआर (सहज पेट न घेणारी), 1 किंवा 1.5 स्क्वेअर एमएम. आणि वायर थोडी लांब सोडा, उद्या लाइट उतरवायचा तर हातभर तरी खाली यायला हवा.

लाइट बंद पडला तर लगेच नवा आणू नका, बऱ्याचदा ड्रायव्हरच गेलेला असतो. एमसीबी (बोर्डातला त्या लाइनचा मेन स्विच) पाडा आणि शेजारच्या तशाच लाइटचा ड्रायव्हर लावून बघा. नवा घेताना मिलिअँपिअर आणि व्होल्ट दोन्ही जुन्याच्या लेबलशी जुळवा. सप्लाय चालू असताना लाइटची पिन ड्रायव्हरला कधीच जोडू नका, मोकळ्या ड्रायव्हरवर व्होल्टेज चढलेलं असतं, पिन लागताक्षणी एलईडी जाऊ शकते.

नवीन लाइट लावल्यावर आरसीसीबी (करंट गळतोय वाटलं की सप्लाय तोडणारा स्विच) पडायला लागला तर बहुतेक वेळा न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची तार, दुसऱ्याच लाइनचा घेतलेला असतो. घरात इन्व्हर्टर असेल तर हे जास्त होतं, कारण जवळ दिसला तो न्यूट्रल जोडला जातो. ज्या लाइनचा फेज (करंट आणणारी तार), त्याच लाइनचा न्यूट्रल.

बटण बंद करूनही लाइट मंद जळतोय? स्विचमध्ये लाल इंडिकेटर असेल तर तो काढून बघा. नसेल तर स्विच न्यूट्रलवर लागलेला असू शकतो, म्हणजे बटण बंद असूनही लाइटपर्यंत फेज जिवंत आहे, स्टुलावर चढून हात लावणाऱ्याला शॉक बसेल. हे लायसन्सवाल्या वायरमनकडून त्याच दिवशी सरळ करून घ्या.

आणि पावसाळ्यात वरच्या बाथरूमचं किंवा गच्चीचं पाणी झिरपून लाइटच्या कडेने पिवळा डाग दिसला तर पुसून सोडून देऊ नका. आधी त्या लाइनचा एमसीबी पाडा, मग लाइट खाली घ्या, ड्रायव्हर आणि जॉइंट ओला आहे का बघा, आणि गळती बंद होईपर्यंत ते भोक उघडंच राहू द्या, म्हणजे वर पाणी साचत नाही आणि कुठून येतंय तेही कळतं.