गाडीला ऑइल प्रेशर गेज बसवताना

डॅशबोर्डवरचा ऑइलच्या किटलीचा लाल दिवा ऑइलचा दाब किती आहे हे सांगत नाही. दाब जवळजवळ संपला आहे एवढेच सांगतो. बहुतेक गाड्यांत इंजिन ब्लॉकवरचा ऑइल स्विच दाब साधारण ०.२ ते ०.५ बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) उतरल्यावरच दिवा लावतो. त्यामुळे चढणीला ३००० आरपीएमवर फिरणाऱ्या इंजिनात तीन बारच्या जागी दीडच बार दाब उरला, तरी चालकाच्या डोळ्यांसमोर सगळे सुरळीत दिसते. यवतेश्वरचा घाट चढून कासला, पसरणीने पाचगणीला किंवा कुंभार्लीने चिपळूणला जुनी गाडी नेहमी नेणाऱ्याने स्वतंत्र गेज बसवून घेण्याचे कारण हेच आहे. काम अवघड नाही. मात्र गेजपायी इंजिनाला गळतीची नवी जागा निर्माण होऊ नये, याची काळजी सर्वांत आधी घ्यावी लागते.

काटा काय दाखवतो हे आधी समजून घ्यावे. तासगावकडच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळे सांगावे लागत नाही, कारण ठिबकच्या फिल्टरजवळचा गेज तो रोज पाहतो: एखाद्या लॅटरलचे, म्हणजे ठिबकच्या बारीक नळीचे, टोक निघाले तर पंप पूर्वीइतकेच पाणी देत असतो, पण काटा खाली येतो. इंजिनातही पंप ऑइल ढकलण्याचे काम करतो आणि दाब तयार होतो तो बेअरिंगमधल्या अरुंद फटींच्या अडथळ्यामुळे. बेअरिंग झिजली की फटी वाढतात, ऑइल सहज निसटते आणि दाब उतरतो. ऑइल तापून पातळ झाले तरी तेच होते, म्हणून थंड इंजिनावरच्या आकड्यावर समाधान मानू नये.

गेज दोन प्रकारचे मिळतात. यांत्रिक गेजमध्ये बारीक नळीतून प्रत्यक्ष ऑइल डॅशबोर्डपर्यंत येते. त्याची अचूकता चांगली असते, पण नळी फुटली तर गरम ऑइल चालकाच्या पायांवर येते, शिवाय इंजिन रिकामे होऊ लागते. रोजच्या वापराच्या गाडीत तो बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गॅरेजमध्ये तात्पुरती तपासणी करण्यासाठी तो उत्तम. इलेक्ट्रिक गेजमध्ये सेंडर, म्हणजे दाब मोजून विजेचा संकेत पाठवणारा भाग, इंजिनाजवळच राहतो आणि आत फक्त वायर येते. सेंडर आणि मीटर एकाच जोडीचे असले पाहिजेत. युरोपीय पद्धतीचा सेंडर शून्य दाबाला सुमारे १० ओहम आणि पूर्ण दाबाला सुमारे १८० ओहम रोध दाखवतो, तर अमेरिकी पद्धतीचा शून्याला २४० आणि पूर्ण दाबाला ३३ ओहम. एकाचा सेंडर दुसऱ्याच्या मीटरला जोडला तर काटा हलतो खरा, पण उलटा आणि खोटा. जुन्या बाजारातून सुटा सेंडर आणताना ही चूक फार होते.

यानंतरचा प्रश्न आट्यांचा आहे आणि या कामात सर्वाधिक नुकसान तिथेच होते. जपानी घराण्याच्या इंजिनांत ऑइल स्विचला बहुधा १/८ इंच बीएसपी (ब्रिटिश मापाचे) निमुळते आटे असतात, त्यांची संख्या इंचाला २८. अनेक युरोपीय इंजिनांत एम१० बाय १ (१० मिमी व्यास, आट्यांत १ मिमी अंतर) आटे येतात. अमेरिकी पद्धतीच्या गेजसोबत मिळणाऱ्या १/८ एनपीटी जोडाला इंचाला २७ आटे असतात. २७ आणि २८ यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही. दोन-तीन फेऱ्या सहज बसतात, मग जोड अडतो आणि पान्याने रेटला की ब्लॉकचे आटे कापले जातात. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल तर हे नुकसान शंभर रुपयांच्या जोडापायी इंजिन उतरवण्यापर्यंत जाऊ शकते. म्हणून जुना स्विच काढून थ्रेड गेजने मोजावा आणि त्याप्रमाणेच जोड घ्यावा. योग्य जोड तयार मिळत नसेल तर मिरज-कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत एखाद्या लेथवाल्याकडून पितळी जोड करून घेता येतो. त्याला तोंडी माप न सांगता जुना स्विच नमुना म्हणून द्यावा.

कारखान्याचा स्विच काढून त्याजागी सेंडर बसवण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नये. दिवा आणि काटा या दोन स्वतंत्र साक्षी आहेत आणि पुढे काट्यावर शंका आली तर दिव्याचाच आधार लागतो. त्यासाठी टी जोड (इंग्रजी T च्या आकाराचा, तीन तोंडांचा) वापरून एका तोंडाला जुना स्विच आणि दुसऱ्याला सेंडर बसवतात. मात्र डब्याच्या आकाराचा वजनदार सेंडर थेट पितळी टीवर लटकत ठेवला तर इंजिनाच्या कंपनाने टीची मान कालांतराने तडकते, आणि ती तडकली की ऑइल दाबाने बाहेर पडते. सेंडर लहान व हलका नसेल तर टी ब्लॉकवर न ठेवता, ब्लॉकपासून स्टीलची जाळी असलेला ऑइलचा होज फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यापर्यंत) आणावा आणि टी, स्विच व सेंडर तिथे क्लॅम्पने घट्ट बसवावेत. हा होज गरम ऑइल आणि दाब या दोन्हींसाठी बनवलेला असावा. पेट्रोलची साधी रबरी नळी इथे चालत नाही. टीसाठी जागाच नसेल तर ऑइल फिल्टर आणि ब्लॉक यांच्यामध्ये बसणारी सँडविच प्लेट हा दुसरा मार्ग आहे, पण तिचे आटे फिल्टरच्या आट्यांशी आणि तिची रिंग ब्लॉकच्या बसण्याच्या जागेशी जुळली पाहिजे.

प्रत्यक्ष काम इंजिन पूर्ण थंड झाल्यावर करावे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. गाडीखाली जावे लागणार असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नये, स्टँड लावावेत. स्विच बहुधा ऑइल फिल्टरच्या आसपास सापडतो. त्याचा कनेक्टर काढून भोवतालची धूळ कापडाने व ब्रशने साफ करावी, कारण भोकात पडलेली माती सरळ ऑइलच्या वाटेवर जाते. खोल गोटीने (सॉकेट पान्याने) स्विच सोडवल्यावर थोडे ऑइल येईल, त्यासाठी खाली कापड धरावे. निमुळत्या आट्यांवर ऑइलला टिकणारे लिक्विड सीलंट लावावे आणि टोकाचे पहिले दोन आटे कोरडे ठेवावेत, म्हणजे सीलंटचा कण आत जात नाही. टेफ्लॉन टेपचे तुकडे तुटून ऑइलमध्ये जाऊ शकतात, शिवाय जाड गुंडाळलेल्या टेपमुळे सेंडरची अर्थिंग बिघडते. म्हणून नळाच्या कामातली ती सवय इथे सोडून द्यावी. जोड हाताने बसेल तितका बसवून मग पान्याने साधारण एक ते दीड फेरी पुरते. पितळ मऊ असते, जास्त जोराने टी फाटतो. एम१० सारख्या सरळ आट्यांना सीलंट नव्हे, तांब्याचा वॉशर लागतो आणि तो दर वेळी नवा घ्यावा.

वायरिंगमध्ये चार जोडण्या असतात. पॉझिटिव्ह वायर किल्ली ऑन असतानाच वीज मिळणाऱ्या फ्यूजवरून घ्यावी आणि तिला स्वतःचा तीन अँपिअरचा फ्यूज द्यावा. रेडिओच्या लाइनवर घेतली तर स्टार्टर फिरताना गेज बंद पडतो. मीटरची अर्थ वायर बॉडीवर रंग खरवडून घट्ट बसवावी, रात्रीच्या उजेडाची वायर पार्किंग लाइटला जोडावी आणि सेंडरची सिग्नल वायर फायरवॉलमधल्या जुन्याच रबरी ग्रोमेटमधून आत आणावी. नवीन भोक पाडणे भागच असेल तर त्याला ग्रोमेट बसवल्याशिवाय वायर ओढू नये. पत्र्याची धार काही महिन्यांत इन्सुलेशन कापते. वायर सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून, पंख्यापासून आणि पेडलपासून दूर बांधावी. सेंडर फायरवॉलवर होजच्या टोकाला असेल तर त्याच्या बॉडीला वेगळी अर्थ वायर लागते, हे बहुतेक जण विसरतात. मीटर विंडशील्डच्या खांबावर बसवण्याची पद्धत दिसते. पण ज्या गाडीत त्या खांबात एअरबॅग आहे, तिथे तसे मुळीच करू नये.

बॅटरी जोडून किल्ली ऑन केली की दिवा लागला पाहिजे आणि काटा शून्यावर राहिला पाहिजे. इंजिन चालू केल्यावर पाच सेकंदांत काटा चढला नाही किंवा दिवा विझला नाही, तर ताबडतोब बंद करून जोडण्या पाहाव्यात. दहा मिनिटे चालू ठेवून टॉर्चने प्रत्येक जोड तपासावा, आणि पहिल्या घाटाच्या फेरीनंतर पुन्हा एकदा. पितळ आणि ब्लॉक तापून-थंड झाल्यावरच खरी गळती उघड होते.

पुष्कळशा साध्या इंजिनांत थंड असताना चालू केल्यावर चार-पाच बार, पूर्ण तापल्यावर आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) साधारण एक बार आणि ३००० आरपीएमला तीन ते चार बार दाब दिसतो. दर १००० आरपीएममागे १० पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ बार, हा गॅरेजमधला ढोबळ हिशोब आहे. बदलत्या क्षमतेचा ऑइल पंप असलेल्या नव्या इंजिनांत दाब मुद्दामच कमी-जास्त केला जातो, त्यामुळे तिथे हा हिशोब लावू नये. खरी उपयुक्त गोष्ट म्हणजे आपल्याच गाडीचा तापलेल्या आयडलचा आकडा: दर वेळी ऑइल बदलल्यानंतर तो ऑइलच्या ग्रेडसह वहीत लिहावा. १५डब्ल्यू४० ऐवजी जास्त दाट २०डब्ल्यू५० ओतून आकडा वाढला, तर बेअरिंग सुधारलेली नसते.

यवतेश्वरच्या वळणांवर काटा क्षणभर खाली जाऊन पुन्हा वर येत असेल, तर ऑइलची पातळी कमी असून इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरमधल्या गाळणीला हवा मिळते आहे, असा संशय धरून सपाट जागी ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी पाहावी. दिवा विझलेला असताना काटा एकाएकी एका टोकाला गेला, तर आधी वायर तपासावी: १० ते १८० ओहमच्या जोडीत वायर तुटल्यास काटा वर टेकतो, २४० ते ३३ च्या जोडीत खाली पडतो. दिवा आणि काटा दोन्ही एकदम बिघाड दाखवत असतील, तर गाडी ताबडतोब कडेला घेऊन इंजिन बंद करावे. उतारावर मात्र आधी थांबावे आणि मग बंद करावे, कारण इंजिन बंद झाल्यावर ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात. पुढच्या सर्व्हिसिंगला गॅरेजवाल्याला टी दाखवून ठेवावा, नाहीतर फिल्टर सोडवताना तो त्याच जोडावर पाना टेकवेल.