निकरबॉकर क्लबचा इतिहास लिहिताना या चुका टाळा

जुन्या खेळांवरचे लेख तपासायला माझ्याकडे येतात. न्यूयॉर्कचा निकरबॉकर बेस बॉल क्लब हा बेसबॉलच्या सुरुवातीच्या क्लबांपैकी एक. त्याच्यावरचा लेख आला की पहिल्या परिच्छेदातच कळतं, लिहिणाऱ्याने क्लबचे १८४५ चे नियम वाचलेत की नाही. बहुतेकांनी वाचलेले नसतात. नियम फक्त वीस आहेत, वाचायला दहा मिनिटं लागतात. ती वाचवून लोक कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममधला, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉल संग्रहालयातला, फलक उतरवून घेतात.

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक तिथूनच येते. क्लबचा सभासद अलेक्झांडर कार्टराइट याच्या फलकावर तीन गोष्टींचं श्रेय त्याला दिलंय: दोन बेसमधलं (धाव घेताना गाठायच्या चार थांब्यांमधलं) ९० फुटांचं अंतर, नऊ डाव आणि नऊ खेळाडू. २३ सप्टेंबर १८४५ च्या नियमांत यातली एकही नाही. तिथे सामना २१ ‘एस’चा, म्हणजे आजच्या भाषेत २१ धावांचा. किती खेळाडू हवेत ते ठरलेलं नाही. ९० फूट, नऊ डाव, नऊ खेळाडू हे सगळं १८५७ च्या क्लबांच्या अधिवेशनात पक्कं झालं आणि त्याचे अध्यक्ष होते निकरबॉकरचेच डॉ. डॅनियल अ‍ॅडम्स. कार्टराइट तर १८४९ मध्येच न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियामार्गे हवाईला गेला होता. १८४५ च्या नियमांखाली समिती म्हणून नावं आहेत विल्यम व्हीटन आणि विल्यम टकर यांची. व्हीटनने तर १८८७ मध्ये सांगितलं होतं, की १८३७ मध्येच त्याने गॉथम क्लबसाठी नियम लिहून काढले होते. कार्टराइट क्लबचा महत्त्वाचा माणूस होताच, पण त्याला मोठं करायला अ‍ॅडम्सना पुसून टाकायची गरज नाही.

यातल्या ९० फुटांवरून एक हुशार मुलगा माझ्याशी तासभर भांडला होता. नियमांत होम (बॅट घेऊन उभं राहायची जागा) ते दुसरा बेस ४२ पावलं आणि पहिला ते तिसरा बेस ४२ पावलं असं आहे. त्याने पाऊल तीन फुटांचं धरलं. ४२ गुणिले ३ म्हणजे १२६ फूट कर्ण, त्यावरून चौकोनाची बाजू ८९ फूट. “बघा सर, नव्वदच झाले की!” हिशोब चोख होता, पण पाऊल चुकलं होतं. मी टेप घेतली आणि त्याला मैदानावर नेलं. चुन्याच्या रेघेवरून आधी मी चाललो, मग तो. माझी ४२ पावलं १०३ फूट भरली, त्याची १११. कर्ण १०३ असेल तर बाजू ७३ फूट, १११ असेल तर साधारण ७८. त्या काळी पाऊल अडीच फुटांचंही धरत. तसं धरलं तर बाजू ७४ फुटांच्या आसपास येते. पोराने टेप गुंडाळता गुंडाळता तो परिच्छेद खोडला. तेव्हापासून अंतराचा दावा आला की मी आधी चालून बघतो. तुम्हीही बघा.

दुसरी चूक १९ जून १८४६ ची. होबोकेनच्या एलिशियन फील्ड्सवर निकरबॉकर ‘न्यूयॉर्क नाइन’ या संघाकडून २३-१ असे हरले, आणि लेखात छापून येतं, ‘बेसबॉलचा पहिला सामना’. आधीच्याच वर्षी, २१ ऑक्टोबर १८४५ ला, त्याच मैदानावर न्यूयॉर्क आणि ब्रुकलिन यांच्यात सामना झाला होता, २४-४. वर्तमानपत्रात छापून आलेला. आणि साधा विचार करा, खेळ निकरबॉकरनीच शोधला असता तर समोरच्यांनी त्यांना २३-१ ने कसं हरवलं असतं? याच सामन्याबद्दल ‘चार डावांनंतर खेळ थांबवला’ असंही लिहितात. थांबवला नाही, संपला. दोन्ही बाजूंचे सारखे डाव झाले आणि एका बाजूचे २१ पार झाले, की नियमाने सामना पुरा.

पुढे अमेरिकी सैन्यात जनरल झालेल्या अ‍ॅबनर डबलडेने १८३९ मध्ये कूपर्सटाउनला खेळ शोधला हे तर लिहूच नका. त्या वर्षी तो वेस्ट पॉइंटला लष्करी शिक्षण घेत होता.

‘फेकला’ आणि ‘टाकला’ यांत गोंधळ नको. नियम सांगतो, चेंडू बॅटसाठी टाकायचा, फेकायचा नाही, म्हणजे खालून.

झेल लिहिताना आजचा झेल डोळ्यांपुढे आणू नका. तिथे एक टप्पा आऊट होतं, आपल्या गल्लीतल्यासारखं. हद्दीतल्या चेंडूसाठी टप्प्याची ही सूट १८६४ च्या मोसमापर्यंत चालली.

पळणाऱ्याच्या अंगावर चेंडू मारून त्याला बाद करणं मात्र या क्लबच्या नियमांत बंद होतं. आपल्या आबाधुबीत चेंडू पाठीत बसतो तसाच प्रकार तोवर तिकडच्या कित्येक चेंडूखेळांत होता. माझ्या मते वीस नियमांतला हा सगळ्यात मोठा, कारण अंगावर मारायचा नसेल तरच चेंडू कडक करता येतो, आणि कडक चेंडूच लांब जातो. अ‍ॅडम्स कित्येक वर्षं क्लबचे चेंडू स्वतःच्या हाताने बनवत. लेखात या नियमाला एक ओळ आणि फलकाला अख्खं पान मिळालेलं दिसलं, की मी तो लेख परत पाठवतो.