बालन्यूमोनियावर प्रबंध करताय? या चुका टाळा

पुण्यातल्या बालरोग विभागांत एमडीच्या प्रबंधासाठी हमखास घेतला जाणारा विषय म्हणजे पाच वर्षांखालच्या मुलांमधला न्यूमोनिया. कारण उघड आहे. पावसाळ्यात वॉर्ड भरलेला असतो, पेशंट शोधत हिंडावं लागत नाही. सोपा म्हणून विषय घेतला जातो आणि तिथेच घात होतो. सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचे आराखडे, तपासताना आणि जर्नलकडे आलेले लेख परीक्षक म्हणून वाचताना मला वर्षानुवर्षं त्याच त्या चुका दिसतात. शेवटच्या महिन्यात स्टॅटिस्टिशियनकडे धाव घेऊन त्या निस्तरता येत नाहीत, कारण त्यातल्या बहुतेक मुलाच्या खाटेपाशीच झालेल्या असतात.

पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे, म्हणून हिच्यावर सविस्तर लिहिते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सीमा सगळ्यांना पाठ असतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन ते अकरा महिन्यांत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त असले की श्वास जलद समजायचा. या सीमा कुणी टेबलावर बसून ठरवलेल्या नाहीत. पापुआ न्यू गिनीमध्ये फ्रँक शान आणि सहकाऱ्यांनी खोकणाऱ्या मुलांचे श्वास मोजून १९८४ मध्ये जो लेख लिहिला, त्यातून ही वाट निघाली. आपल्याकडे गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या माणसांना न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं, बालमृत्यू कमी करून दाखवले आणि १९९० मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. ज्यांना आकडे मोजता येत नाहीत अशा दायांसाठी बंगांनी मणी सरकवायचं श्वासमापक बनवलं, त्याला एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ जोडलं. तिथली अक्षरओळख नसलेली बाई पूर्ण मिनिट मोजत होती. खिशात स्टॉपवॉच असलेला फोन बाळगणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरला ते एक मिनिट जड का व्हावं?

काही वर्षांपूर्वी एक प्रबंध माझ्याकडे अभिप्रायासाठी आला होता. कॉलेजचं नाव सांगत नाही. विषय होता, जलद श्वासावरून एक्स-रेमधला न्यूमोनिया कितपत ओळखता येतो. तक्ते देखणे, आलेख रंगीत, रेसिडेंट हुशार. कुठलाही प्रबंध आला की मी आधी मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या पेशंटच्या नोंदींचा मूळ तक्ता, मागवते आणि एकेक रकाना चढत्या क्रमाने लावून बघते. श्वासाचा रकाना लावला. ४४, ४८, ४८, ५२, ५२, ५६, ६०. खालपर्यंत गेले. एकही आकडा चारने भाग न जाणारा नव्हता. इतक्या बाळांत कुणाचेच श्वास ४९, ५० किंवा ५१ नव्हते. विचारलं तेव्हा मुलगा खरं बोलला. “मॅडम, ओपीडीत रांग असते. पंधरा सेकंद मोजायचो.”

आता हिशेब बघा. आठ महिन्यांचं बाळ. पंधरा सेकंदांत १२ श्वास मोजले तर ४८, म्हणजे जलद नाही. १३ मोजले तर ५२, म्हणजे जलद. एका श्वासाच्या फरकाने बाळ या गटातून त्या गटात. त्यात लहान बाळाचा श्वास एका लयीत चालतच नाही. तो मध्येच थबकतो, मग भराभर चालतो. तुमची पंधरा सेकंदं त्यातल्या कुठल्या तुकड्यावर पडली, यावर निदान ठरतं. त्या प्रबंधात आरओसी वक्र (कुठल्या आकड्यापाशी सीमा धरावी ते दाखवणारा आलेख) काढून सर्वोत्तम सीमा ५२ असल्याचा निष्कर्षही लिहिला होता. ५० आणि ५१ आकडे चार्टमध्ये नव्हतेच, तर दुसरं काय निघणार?

तो रकाना दुरुस्त करायचा काही उपाय नव्हता. मुलं बरी होऊन घरी गेली होती. पुढच्या पावसाळ्यात सगळं नव्याने मोजावं लागलं आणि त्याचं परीक्षेचं सत्र हुकलं. ‘अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं तर चालेल का’ असं मला आजही विचारतात. सगळे आकडे सम येतील. नाही चालणार.

माझी सवय सांगते. बाळ आईच्या मांडीवर, अंगावरचं झबलं वर केलेलं, दूध पीत नसताना, रडत नसताना. पूर्ण ६० सेकंद. थोड्या वेळाने पुन्हा ६० सेकंद. दोन्ही आकडे लिहायचे, सरासरी नंतर. पाचापेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. सोबत ताप किती, बाळ जागं की झोपलेलं, कुणी मोजलं, किती वाजता. रडणाऱ्या बाळाचे श्वास मी लिहीतच नाही, थांबते. घरघर ऐकू येत असेल तर आधी नेब्युलायझेशन, मग पुन्हा मोजणी. ही पायरी गाळली तर तुमच्या न्यूमोनियाच्या यादीत दम्याची मुलं घुसतात.

जुना ‘सिव्हिअर’ आणि नवा ‘सिव्हिअर’ एकाच तक्त्यात

डिस्कशनमध्ये, म्हणजे आपले आकडे इतरांच्या आकड्यांशी ताडायच्या प्रकरणात, ही चूक जवळजवळ ठरलेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ पर्यंतच्या वर्गीकरणात छाती आत ओढली जात असेल तर तो सिव्हिअर न्यूमोनिया, भरती करा, इंजेक्शन द्या, असं होतं. त्यावर धोक्याची लक्षणं असली तर ‘व्हेरी सिव्हिअर’. मग अभ्यास झाले. पाकिस्तानातल्या २००८ च्या चाचणीत छाती ओढली जाणाऱ्या मुलांना घरी तोंडाने दिलेलं अमॉक्सिसिलिन रुग्णालयातल्या इंजेक्शनच्या तोडीचं ठरलं. २०१४ च्या सुधारणेत छाती ओढली जाणारी मुलंही साध्या न्यूमोनियाच्या गटात आली. आता सिव्हिअर म्हणजे पिऊ न शकणं, आकडी, ग्लानी, सतत उलट्या, शांत असतानाही श्वास घेताना घर्र आवाज, तीव्र कुपोषण.

म्हणजे आजचा सिव्हिअर हा बराचसा कालचा व्हेरी सिव्हिअर आहे. तरीही २००५ च्या लेखातले सिव्हिअरचे मृत्यू एका रकान्यात आणि आपल्या वॉर्डातले शेजारच्या रकान्यात, आणि खाली वाक्य: ‘आमच्याकडे मृत्युदर जास्त आढळला, कारण मुलं उशिरा आणली जातात.’ हडपसरहून किंवा मुळशीहून रात्री दोन वाजता बाळ घेऊन आलेल्या आईवर हा आरोप आहे आणि त्याला पुरावा नाही. व्याख्या बदलल्यामुळे आकडा फुगला असेल, याचा विचार झालेला नसतो. मला हे वाक्य दिसलं की मी पानभर शेरा लिहिते.

उपाय कंटाळवाणा आहे. प्रत्येक संदर्भासाठी एका वहीत वर्ष, व्याख्या, वयोगट आणि जागा लिहून ठेवा. व्याख्या जुळत नसेल तर तुलना करू नका. तक्ता छोटा राहिला तरी चालेल. सारांश वाचून तक्ता भरणाऱ्याला हे जमणार नाही, पूर्ण लेख उघडावाच लागेल.

स्वॅबमध्ये सापडलं म्हणजे तेच कारण

एका स्वॅबमध्ये अनेक जंतू शोधणारी पीसीआर पॅनेल परवडू लागल्यापासून ही चूक वाढली आहे. नाकात विषाणू सापडला की ‘न्यूमोनियाचं कारण’ असा शिक्का. आफ्रिका आणि आशियातल्या सात देशांत झालेल्या ‘पर्च’ अभ्यासात चार हजारांवर आजारी मुलांसोबत पाच हजारांवर बिनआजारी मुलंही घेतली होती. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. कित्येक जंतू निरोगी मुलांच्या नाकातही निघाले. आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा विषाणू मात्र कारण म्हणून ठळकपणे पुढे आला, त्याचा वाटा ३१ टक्क्यांच्या आसपास. त्या सात देशांत भारत नव्हता, हेही लिहा. तुमच्याकडे तुलनेला गट नसेल तर ‘आढळला’ म्हणा, ‘कारणीभूत’ म्हणू नका. गट हवा असेल तर लसीकरणाच्या ओपीडीत येणारी त्याच वयाची मुलं त्याच महिन्यांत घ्या.

जानेवारी ते जून

पुण्यात इन्फ्लुएन्झाचा जोर पावसाळ्यात असतो. एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था) याच शहरात आहे, त्यांचे लेख तरी चाळा. परीक्षेच्या सोयीने बहुतांशी कोरडे सहा महिने गोळा करून ‘पुण्यातलं प्रमाण’ लिहू नका. पूर्ण वर्ष घ्या.

आणि मुळात वॉर्डातल्या आकड्यांवरून शहरातलं प्रमाण निघत नाही. त्याला गावातली एकूण मुलं मोजलेली लागतात, जसं पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र वढू परिसरात घरोघरी नोंदी ठेवतं.

लसीचा रकानाच नाही

न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभर सरकारी कार्यक्रमात आहे. तिची स्वदेशी आवृत्ती आपल्या शहरात सीरमने बनवली आणि तिला २०१९ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली. तरी पुण्यातल्या प्रबंधात मुलाला ती मिळाली की नाही याची नोंद सापडत नाही. आईला विचारून भागत नाही. कार्डाचा फोटो घ्या.

उरलेल्या

एक्स-रे एकाच माणसाने, तोही मूल किती आजारी आहे हे ठाऊक असताना वाचणं. दोघांनी वेगवेगळा वाचावा, दोघांचं जुळत नसेल तर तिसऱ्याने.

सॅम्पल साइज, म्हणजे किती मुलं घ्यायची तो आकडा, सीनिअरच्या प्रबंधातून उचलणं. मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न यावरच येतो.

औषधाची तुलना असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर (औषध-चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी हवी. एप्रिल २०१८ पासून मागाहून केलेली नोंदणी तिथे घेतली जात नाही.

संमतिपत्र फक्त इंग्रजीत असणं. वय वाढवून सात वर्षांवरची मुलं घेतलीत तर त्यांचीही संमती लागते, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना वाचा.

चॅटबॉटकडून संदर्भ लिहून घेणं. जे लेख अस्तित्वातच नाहीत, ते तपासताना आमची रात्र जाते.

पैसे भरा, आठवड्यात छापतो, अशा मेलला भुलणं. २०१८ मध्ये पुणे विद्यापीठातल्याच अभ्यासकांनी यूजीसीच्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली जर्नलं तपासली तेव्हा ८८ टक्क्यांहून जास्त निकषांत बसली नव्हती. ‘इंडियन पीडिएट्रिक्स’सारख्या जर्नलकडून लेख परत आला तर परीक्षकांचे शेरे छापून घ्या, एकेका शेऱ्यापुढे काय बदललं ते लिहा आणि सुधारलेला लेख दुसरीकडे पाठवा. सोबत मास्टर चार्ट तयार ठेवा, मी तरी तो मागतेच.