ऑफिसच्या मेसेजला उत्तर किती वेळात? या चुका टाळा

सगळ्या मेसेजना सारखीच घाई. वेळ ठरलेली नसली की "लगेच" हाच नियम होऊन बसतो. तीन ओळी ठरवा आणि ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये टाका: ईमेलला पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत, चॅटला 3 तासांत, अर्ध्या तासात उत्तर हवं असेल तर थेट फोन. 3 तास पाळायला चॅट सतत उघडी ठेवावी लागत नाही. 10, 12:30, 3 आणि 5:30 ला बघितली तरी पुरते. मधले अडीच तास तुमचे.

फोनसकट सगळं म्यूट. हे एकदा अंगाशी येतं आणि मग कुणी डू नॉट डिस्टर्ब लावायला धजत नाही. त्यातच रिपीट कॉलर्सची सोय चालू करा. एकाच नंबरवरून अँड्रॉइडवर 15 मिनिटांत, आयफोनवर 3 मिनिटांत दुसरा कॉल आला तर फोन वाजतो. टीमला सांगून ठेवा: तातडीचं असेल तर लागोपाठ दोनदा लावा. (मायक्रोसॉफ्ट टीम्स या चॅट अ‍ॅपमधला 'अर्जंट' मेसेज दर 2 मिनिटांनी, 20 मिनिटं टोचत राहतो. वाढदिवसाच्या केकसाठी तो वापरू नये.)

नुसतं "हाय सर". समोरचा हातातलं काम थांबवून "बोला" म्हणतो आणि "टायपिंग…"कडे बघत बसतो. त्याऐवजी एकाच मेसेजमध्ये: "सर, मार्चच्या जीएसटीआर-2बीमध्ये दोन बिलं दिसत नाहीत. यादी जोडली आहे. उद्या 12 पर्यंत बघाल का?" असा मेसेज दोन तास पडून राहिला तरी काही बिघडत नाही.

उघडून तसाच ठेवणं. व्हॉट्सअ‍ॅपवर नंतर 'अनरीड' केला तरी समोरच्याची निळी टिक जात नाही. तो वाट बघतो, आणि तुमचं अर्धं डोकं त्याच प्रश्नात अडकतं. संशोधक सोफी लरॉय यांनी 2009 मध्ये यालाच 'अटेन्शन रेसिड्यू' म्हटलं. हाताशी वेळ असेल तेव्हाच उघडा. 2 मिनिटांचं काम असेल तर तिथेच उरका. नाहीतर "पाहिलं, 4 वाजेपर्यंत सांगते" एवढं कळवा. नुसतं "बघते" लिहिलं, की तासाभरात "काही झालं का?" येणारच.

"ईओडीपर्यंत" (एंड ऑफ डे, म्हणजे दिवस संपेपर्यंत). कुणाचा दिवस? पुण्यात संध्याकाळचे 6 वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे 8:30, हिवाळ्यात 7:30. तास लिहा, पुढे "भारतीय वेळ" लिहा.