फ्री एजंट ठेवायचा की सोडायचा? हिशेब मांडताना या चुका टाळा

मार्च जवळ आला की न्यू जर्सीतल्या आम्हा एनएफएलवेड्या (अमेरिकन फुटबॉलच्या लीगमागे वेड्या) मराठी मंडळींत एकच चर्चा असते: न्यूयॉर्क जायंट्सनी करार संपलेल्यांपैकी, म्हणजे फ्री एजंटांपैकी, कोणाला ठेवावं? तुमचा संघ कुठलाही असो, आधी जायंट्सचे २०२३ आणि २०२४ हे दोन मार्च नीट बघा.

सगळ्यात महागात पडते ती टॅगची चूक. फ्रँचायझी टॅग वर्षाला एकाच खेळाडूला लावता येतो आणि त्याला वर्षभर ठरलेल्या पगारावर थांबवता येतं. म्हणून ज्याच्याबद्दल अजून खात्री नाही, त्याच्यासाठी तो राखायचा. जायंट्सनी उलटं केलं. क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) डॅनियल जोन्सचा २०२२चा हंगाम चांगला गेला म्हणून २०२३च्या मार्चमध्ये त्याला चार वर्षांचे १६ कोटी डॉलर दिले आणि त्या हंगामात १,३१२ यार्ड धावलेल्या रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) सेक्वॉन बार्कलीला सुमारे एक कोटीचा टॅग लावला. जोन्सला टॅग लावायचा तर त्या वर्षी ३.२४ कोटी मोजावे लागले असते. रक्कम मोठी खरी, पण पुढच्या मार्चला हात मोकळे राहिले असते. २०२३च्याच नोव्हेंबरात जोन्सचा गुडघा गेला आणि २०२४च्या नोव्हेंबरात संघाने त्याला सोडलं.

बातमीतल्या आकड्यावर जाऊ नका. त्या १६ कोटींपैकी पक्की हमी साधारण निम्म्याचीच होती. बोनस खेळाडूच्या हातात लगेच पडतो, पण सॅलरी कॅपमध्ये (संघाच्या वर्षाच्या पगारखर्चाच्या मर्यादेत) तो जास्तीत जास्त पाच वर्षांत विभागला जातो. खेळाडूला मध्येच सोडलं की उरलेला भार संघाच्या माथी येतो. जोन्स गेल्यावरही २०२५च्या कॅपमधले सुमारे २.२ कोटी त्याच्याच नावावर अडकले.

‘रनिंग बॅकवर पैसे घालवायचे नसतात’ हेही डोळे झाकून म्हणू नका. २०२४च्या मार्चमध्ये बार्कली तीन वर्षांसाठी सुमारे पावणेचार कोटींवर फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला. २० ऑक्टोबर २०२४ला तो जायंट्सच्या मेटलाइफ स्टेडियमवर पाहुणा म्हणून आला आणि १७६ यार्ड धावला. ईगल्स २८-३ने जिंकले. माझ्या पुढच्या रांगेत एक पोरगा त्याची जुनी निळी २६ नंबरची जर्सी घालून बसला होता. टाळ्या वाजवायला हात वर जायचे आणि वडिलांकडे बघून खाली यायचे. मला फार वाईट वाटलं. हंगामात बार्कलीच्या २,००५ यार्ड झाल्या आणि २८व्या वाढदिवशी त्याने सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकला. जायंट्सच्या लाइनमागे एवढ्या यार्ड झाल्या नसत्या, हे मी मान्य करतो. म्हणूनच धावणाऱ्याची किंमत ठरवताना त्याच्यापुढे वाट मोकळी करणारे लाइनमधले पाचजण कोण आहेत, ते आधी बघा.

सेफ्टी (मागे राहून बचाव करणारा) झेवियर मॅकिनीही २०२४च्याच मार्चमध्ये जायंट्स सोडून ग्रीन बे पॅकर्सकडे गेला. तिथे पहिल्याच हंगामात त्याने आठ इंटरसेप्शन केले, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने फेकलेला चेंडू आठदा पकडला.

‘गेला तर भरपाईचा पिक मिळेल’ या भरवशावरही राहू नका. तो पिक, म्हणजे नवा खेळाडू निवडायचा जादा हक्क, पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) मिळतो आणि बाहेरून तोलामोलाचा फ्री एजंट घेतला की हिशेबातून कटतो. जुन्या संघाने करार मोडून सोडलेला खेळाडू मात्र यात धरत नाहीत. ड्राफ्टनंतरच्या सोमवारनंतर झालेल्या सह्याही धरत नाहीत, त्यामुळे बाहेरून घ्यायचे किरकोळ करार तोवर थांबवता आले तर थांबवावेत.